कोणाकडून आलं? लहान मुलांचा मधुमेह, आनुवंशिकता आणि मूलपेशी

दारव्ह्यात बोलायला उभं राहायचं आणि शकुंतलेचं नाव घ्यायचं नाही, हे काही बरं दिसत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी ज्या वाफेच्या इंजिनानं ओढली, ते मँचेस्टरला १९२१ साली तयार झालं. १९२३ मध्ये ते इथल्या रुळांवर आलं आणि १९९४ पर्यंत चाललं. इथल्या पुढच्या रांगेतल्या बऱ्याच मंडळींनी त्याचा धूर खाल्ला असेल. (हशा)

आता योगायोग बघा. १९२१ च्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायच्या खटपटीत होते. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिओड यांना त्यासाठी नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी इन्सुलिन अमेरिकेत दुकानात विकायला आलं. म्हणजे आपलं इंजिन आणि इन्सुलिन एका वयाचे. इंजिन निवृत्त झालं. इन्सुलिन मात्र टाइप १ मधुमेह असलेल्या प्रत्येक मुलाला आजही रोज टोचावं लागतं, शंभर वर्षांनंतरही.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा मास्तर आहे. या विषयाकडे वळलो ते एका घरगुती कारणानं. आमच्या नात्यात, इथून जवळच्याच एका गावात, बारा वर्षांच्या मुलीला शुगर निघाली. तिला बघायला गेलो तर घरात साखरेची चर्चाच नव्हती. चर्चा होती ती ‘कोणाकडून आलं?’ याची. आजी म्हणत होती, ‘आमच्या घराण्यात ही बिमारी कोणालेच नव्हती.’ म्हणजे रोख कोणाकडे, ते तुम्हाला कळलंच. पोरीची आई कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. तेव्हा माझ्या मनात आलं की हा प्रश्न विज्ञानानंही विचारला असणार. त्यानं काय उत्तर दिलं, ते बघावं.

प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत. एक ‘सहज’, म्हणजे आईबापांच्या बीजातल्या दोषानं आलेला, आणि दुसरा चुकीच्या आहारविहारानं झालेला. पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा स्थूल, असंही तिथं नोंदवलंय. आपल्याकडे काही जण यावरून लगेच छाती फुगवतात की टाइप १ आणि टाइप २ आम्हाला आधीच ठाऊक होतं. मला ते तितकंसं पटत नाही. प्रमेह या नावाखाली तेव्हा बरेच वेगवेगळे आजार एकत्र होते. पण निरीक्षण मात्र पक्कं होतं, आणि ‘बीजात दोष’ ही कल्पना आपल्या मनात किती खोल रुतली आहे हेही त्यावरून कळतं.

इन्सुलिनच्या आधी अशा मुलांचं काय व्हायचं? मरायची. उपाशी ठेवून काही महिने आयुष्य लांबवायचं, एवढाच उपचार होता. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचं वजन होतं सुमारे २९ किलो. पहिला अर्क अशुद्ध होता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही, उलट गाठ आली. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. पुढे तो तेरा वर्षं जगला.

पण जीव वाचला तरी कारण कळलं नव्हतं. कारण कळायला पुढची पन्नास वर्षं गेली, आणि तो इतिहास फारसा सांगितला जात नाही. ब्रसेल्सचे विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये, आजार लक्षात आल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. स्वादुपिंडात लहान लहान बेटं असतात, त्यांत बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. २२ पैकी १५ जणांच्या बेटांवर पांढऱ्या पेशींनी, म्हणजे आपल्याच संरक्षक पेशींनी, गराडा घातलेला दिसला. घरच्याच पहारेकऱ्यांनी घर लुटावं, तसा प्रकार. १९७४ मध्ये लंडनला बोत्ताझो आणि डेबोरा डोनियाक यांना रुग्णांच्या रक्तात या बेटांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्याच वर्षी कोपनहेगनचे योर्न नेरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा एचएलए नावाच्या जनुकांशी संबंध दाखवला.

एचएलए म्हणजे काय, हे सोपं करून सांगतो. आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर काढून दाखवत असते, ‘बघा, माझ्या घरात हे आहे.’ ज्या तळहातावर ठेवून ती दाखवते, तो तळहात म्हणजे एचएलए. प्रत्येकाचा तळहात थोडा वेगळा. काही तळहात असे असतात की त्यांवर ठेवलेला इन्सुलिनचा तुकडा पहारेकऱ्यांना परका वाटू शकतो. टाइप १ मध्ये आनुवंशिक धोक्याचा साधारण निम्मा वाटा या एकट्या एचएलएचा आहे. उरलेला निम्मा बारीकसारीक साठाहून अधिक जागांत विखुरलेला आहे.

मग ‘आनुवंशिक’ म्हणजे नेमकं किती? याचं फार सुंदर उत्तर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या डेव्हिड पाइक यांनी जुळ्यांकडून मिळवलं. एकाच बीजातून झालेली जुळी, म्हणजे जनुकं अगदी सारखी. १९८१ मध्ये त्यांनी २०० जोड्यांचा हिशेब मांडला. त्यात टाइप २ च्या ५३ जोड्या होत्या आणि त्यांतल्या ४८ मध्ये दोघांनाही आजार होता. टाइप १ च्या १४७ जोड्यांत दोघांनाही आजार होता तो फक्त ८० मध्ये. म्हणजे लोक ज्याला ‘खाण्यापिण्याची शुगर’ म्हणतात ती जास्त वंशानं येणारी निघाली, आणि ज्याला ‘जन्माची शुगर’ म्हणतात तिच्यात जनुकं सारखी असूनही जवळपास अर्ध्या भावंडांना काही झालं नाही! शिवाय दोघंही आजारी असलेली जोडी डॉक्टरच्या नजरेत लवकर येते, तेव्हा खरं प्रमाण याहून कमीच असणार.

आता आमच्या त्या कोपऱ्यात बसलेल्या आईसाठीचा आकडा सांगतो. १९८४ मध्ये बॉस्टनच्या वॉरम आणि सहकाऱ्यांनी असा अभ्यास छापला: बापाला टाइप १ असेल तर विसाव्या वर्षापर्यंत ६.१ टक्के मुलांना तो झाला, आणि आईला असेल तर १.३ टक्के मुलांना. नीट ऐका, आईकडून कमी, बापाकडून जास्त. हे असं का, यावर अजून वाद आहेत. आकडे अमेरिकन कुटुंबांचे आहेत, ते जसेच्या तसे यवतमाळ जिल्ह्याला लावू नयेत. पण जगात कुठंही पाहिलं तरी नव्यानं टाइप १ होणाऱ्या दहातल्या आठ-नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात तो कोणालाच नसतो. आजी खोटं बोलत नव्हती. त्यांच्या घराण्यात नव्हती, आणि सुनेच्या माहेरीही नव्हती. दोन्हीकडून थोडा थोडा धोका आला आणि तो एका पोरीत एकत्र झाला. त्यावर आणखी काहीतरी बाहेरचं घडलं, कदाचित एखादा विषाणू.

इथपर्यंत आकडे आणि रक्ताच्या तपासण्या. पण संशोधक एका ठिकाणी अडले होते, आणि इतिहासाच्या माणसाला ती अडचण लगेच समजते. आमच्याकडे एखाद्या जुन्या दप्तरखान्याला आग लागते आणि आम्ही राख चिवडत बसतो. इथंही तसंच. मुलाला तहान लागते, वजन उतरतं, दवाखान्यात नेतात, तोपर्यंत बऱ्याचशा बीटा पेशी गेलेल्या असतात. पुरावा जळालेला! बरं, जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढून बघावा, तर तो अवयव फार नाजूक. नॉर्वेत ६ रुग्णांवर हा प्रयत्न झाला, काहींना त्रास झाला आणि अभ्यास थांबवावा लागला.

या आगीतून वाट दाखवली ती जपानच्या शिन्या यामानाका यांनी. हे मूळचे हाडांचे डॉक्टर. २००६ मध्ये उंदरांवर आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर त्यांनी दाखवलं की त्वचेतल्या साध्या पेशीत चार जनुकं घातली की ती आपलं वय आणि धंदा विसरते आणि पुन्हा गर्भातल्यासारखी कोवळी होते. मग तिला हवं ते बनवता येतं, हृदयाची पेशी म्हणा, मज्जातंतू म्हणा, नाहीतर बीटा पेशी. या पेशींना ‘आयपीएस’ म्हणतात. आपल्याकडे आयपीएस म्हटलं की एसपी साहेबांची गाडी आठवते, (हशा) पण त्यातला ‘आय’ यामानाकांनी मुद्दाम लहान लिपीत ठेवला, तेव्हाच्या गाजलेल्या आयपॉडसारखा. २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं, ते केंब्रिजच्या जॉन गर्डन यांच्याबरोबर. गर्डननी पन्नास वर्षांपूर्वी बेडकाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेऊन त्यातून नवा बेडूक वाढवला होता.

या गर्डनकडे पीएचडी केलेला एक अमेरिकन विद्यार्थी होता, डग्लस मेल्टन. हार्वर्डला जाऊन तोही बेडकांच्या गर्भावरच काम करत होता. १९९१ च्या सुमारास त्याच्या सहा महिन्यांच्या मुलाला टाइप १ मधुमेह झाला. मेल्टननी बेडूक सोडले आणि उरलेलं आयुष्य बीटा पेशींना दिलं. पुढे मुलीलाही तोच आजार झाला. मी ही गोष्ट वाचली तेव्हा थांबलो. ‘कोणाकडून आलं’ हे त्या घरातही कोणी विचारलं असेल का, कोण जाणे. त्या बापानं मात्र प्रयोगशाळाच बदलून टाकली.

२००९ मध्ये मेल्टनच्या गटानं टाइप १ असलेल्या दोन रुग्णांच्या त्वचेतून आयपीएस पेशी केल्या. रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांसह, त्याचाच तो धोका बरोबर घेऊन आलेल्या पेशी. २०१४ मध्ये त्यांनी भल्यामोठ्या बरण्यांत कोट्यवधी बीटा पेशी वाढवायची रीत बसवली. आणि २०१६ मध्ये आला तो निष्कर्ष, ज्याच्यासाठी मी आज हे सगळं सांगतोय. रुग्णांच्या त्वचेतून बनवलेल्या बीटा पेशी आणि निरोगी माणसांच्या त्वचेतून बनवलेल्या बीटा पेशी शेजारी ठेवल्या, त्यांना साखर दिली, तर दोघींनी सारखंच इन्सुलिन सोडलं. फरक दिसला नाही.

याचा अर्थ काय? या मुलांच्या बीटा पेशी काही मुळातच कमकुवत नसतात. बी चांगलंच असतं. बिघाड होतो तो पहारेकरी आणि पेशी यांच्या गाठभेटीत. म्हणून पुढचा प्रयोग त्या भेटीचाच झाला. २०२० मध्ये याच गटानं एकाच रुग्णाच्या आयपीएसपासून केलेल्या बीटा पेशी आणि त्याच रुग्णाच्या रक्तातल्या संरक्षक पेशी एका थाळीत समोरासमोर आणल्या. बीटा पेशी निवांत असताना पहारेकरी तितके खवळले नाहीत. औषध देऊन बीटा पेशींवर ताण आणला, तेव्हा ते जास्त चवताळले. म्हणजे बीटा पेशी अगदीच निरपराध बळीही नाही. तिच्यावर ताण आला की ती काहीतरी असं दाखवते की हल्ला ओढवतो. हा ताण शरीरात कशानं येतो, हे शोधणं चालू आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी स्वादुपिंडातल्या बेटांवर बरीच वर्षं काम केलं. तिथंच पीएचडी केलेले आनंदवर्धन हार्डीकर अमेरिकेत गेले आणि २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्या गटाचा लेख आला, की माणसाच्या बेटांतल्या पेशी रूप बदलून वाढणाऱ्या पूर्वपेशी होतात. तीन वर्षांत उंदरांवर काम करणाऱ्या इतर गटांनी त्यावर शंका घेतली, की वाढणाऱ्या पेशी मुळात बीटा पेशींपासून आलेल्याच नाहीत. मग माणसाच्या पेशींवरच्या कामातून पुन्हा वेगळं दिसलं. विज्ञानाचा इतिहास असाच चालतो, वर्तमानपत्रातल्या ‘मराठी शास्त्रज्ञाची भरारी’ या मथळ्यात तो मावत नाही. हार्डीकर आज ऑस्ट्रेलियात सिडनीला आहेत आणि मुग्धा जोगळेकर यांच्यासह टाइप १ चा धोका रक्तातल्या बारीक आरएनएवरून ओळखण्याचं काम करतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटानं मूलपेशींच्या दोन मालिका तयार केल्या आणि त्यांतल्या पेशींना स्वादुपिंडाच्या वाटेवर नेलं. त्या भ्रूणापासूनच्या पेशी होत्या, रुग्णापासूनच्या नव्हेत.

आणि इथं माझी तक्रार आहे. थाळीतल्या पेशींबद्दल आत्ता जे सांगितलं, त्यातल्या बहुतेक पेशी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या. आपला तळहात मात्र थोडा वेगळा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नरिंदर मेहरा यांनी दाखवलं की युरोपात टाइप १ शी जोडलेला बी८-डीआर३ हा गट भारतीयांतही आहे, पण तो वेगळ्या सोबत्यांबरोबर येतो. तिकडे ए१ बरोबर, इकडे ए२६ बरोबर. २०२० मध्ये पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला: युरोपीय लोकांवरून केलेली जनुकांची गुणपत्रिका पुण्याच्या रुग्णांना लागू पडते का? उत्तर आलं, पडते, टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखता येतात, पण युरोपइतक्या नेमकेपणानं नाही.

हे आपल्याला का महत्त्वाचं? कारण आपल्याकडे टाइप २ चा रोगीही बारीक असतो. याज्ञिकांनीच पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून आईच्या पोटातल्या कुपोषणावर जो अभ्यास चालवला, त्यातून ‘दिसायला बारीक, आतून चरबी’ असा भारतीय शरीराचा नमुना पुढे आला. मग विशी-पंचविशीतला, सडपातळ, शुगर असलेला शेतमजूर समोर आला की त्याला गोळ्या पुरतील की इन्सुलिन लागेल, हे नुसतं बघून सांगता येत नाही. निदान चुकलं तर टाइप १ चा माणूस गोळ्यांवर राहतो आणि एक दिवस बेशुद्ध होऊन येतो. २०२१ च्या जागतिक ॲटलसप्रमाणे २० वर्षांखालची टाइप १ झालेली मुलं जगात सगळ्यात जास्त भारतात आहेत, सव्वादोन लाखांवर. सर्वांत जास्त रुग्ण आपले, आणि थाळीतल्या पेशी मात्र दुसऱ्यांच्या.

(श्रोत्यांतून: सर, मग स्टेम सेलनं शुगर बरी होते म्हणून जाहिराती येतात, त्या खऱ्या का?)

बरं झालं विचारलंत. दोन खऱ्या गोष्टी सांगतो. चीनमध्ये त्यानजिनला २५ वर्षांच्या एका स्त्रीच्या स्वतःच्याच पेशींपासून बेटं बनवून तिच्या पोटात बसवली. ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं. २०२४ मध्ये हे छापून आलं. पण तिचं यकृत आधीच बदललेलं होतं, त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती. त्यामुळे पहारेकऱ्यांनी नव्या पेशी का खाल्ल्या नाहीत, हे सांगणं अवघड. दुसरी, अमेरिकेतल्या एका चाचणीत दुसऱ्याच माणसाच्या मूलपेशींपासूनची बेटं देऊन १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर सुटलेलं होतं. तिथंही प्रतिकारशक्ती दाबावी लागते आणि त्याच चाचणीतला एक रुग्ण मेंदूज्वरानं गेला. या गोष्टी आशेच्या आहेत, पण त्या अजून चाचणीतल्या आहेत. आपल्या आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसाठीचं रोपण सोडलं तर मूलपेशी हा मान्य उपचार नाही, आणि चाचणीत कोणी रुग्णाकडून पैसे मागत असेल तर तिथून उठून या. कापसाच्या दोन हंगामांचे पैसे अशा ठिकाणी घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

आज मिळतं ते इन्सुलिन. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला. विदर्भातल्या गरीब घरांतल्या टाइप १ च्या मुलांना त्यातून इन्सुलिन मिळतं, आणि मुलींकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल ते सतत बोलत आले. मुलाला इन्सुलिन आणायचं आणि मुलीच्या बाबतीत ‘पुढं लग्न कोण करील’ म्हणत हात आखडायचा, हे आपल्या भागात घडलेलं आहे. फ्रिज नाही, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, म्हणून बाटली कोऱ्या माठात, भोवती ओली वाळू, अशी ठेवतात. तेही चालतं, फक्त बाटलीत पाणी जाऊ द्यायचं नाही.

(श्रोत्यांतून, एक बाई: माझ्या मोठ्या मुलाला आहे. धाकटीची जनुकं तपासावी का? उद्या सोयरीक करताना लोक विचारतील.)

ताई, सोयरिकीसाठी म्हणून तपासू नका. सख्ख्या भावंडाला धोका साधारण वीसात एक, असा पाश्चात्त्य आकडा आहे. म्हणजे वीसातल्या एकोणीस जणांना काही होत नाही, आणि जनुकं तपासून त्यात फारशी भर पडणार नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी असते, ती करायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. २०२२ पासून अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाचं एक औषध मान्य झालंय, ते प्रतिपिंडं असलेल्यांत आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. ते फार महाग आहे. पण आयपीएस पेशींवरची ही सगळी धडपड कशासाठी, तर असा पहारा आधीच आवरता यावा म्हणून. तोवर तुम्ही धाकटीवर साधं लक्ष ठेवा. ती एकदम खूप पाणी प्यायला लागली, खाऊनपिऊन वाळायला लागली, रात्री अंथरूण ओलं करायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. बोटाच्या थेंबावर साखर तपासून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.